न मागितलेले नऊ दाखले

१

खैरमाळच्या सरकारी हायस्कुलात सोमवारी दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरायला सुरुवात झाली आणि त्याच दुपारी नऊ मुलांना कळलं, की आपण या शाळेत शिकतच नाही.

वर्गात ती रोज बसत होती. जूनपासून माधुरी मॅडम हजेरी घेताना त्यांची नावं पुकारत होत्या, सहामाहीचे पेपरही त्यांनी दिले होते. पण बोर्डाकडे जायच्या यादीत त्यांची नावं नव्हती. ती निघाली ऑफिसातल्या दाखल्यांच्या रजिस्टरात. पंधरा जून ही तारीख, समोर 'शाळा सोडल्याचा दाखला दिला' ही नोंद आणि खाली मुख्याध्यापकांची सही.

गोटीराम विशे गुरुजींना ही बातमी गुणाबाईनं दिली. गुरुजी याच शाळेत गणित शिकवून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. घरी करमत नाही म्हणून दुपारी येऊन शाळेचं ग्रंथालय सांभाळायचे. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, एक बाक आणि खिडकीपाशी गुरुजी.

गुणाबाई आगिवले वरच्या माचीवाडीची. ठाकर आदिवासींची वाडी, शाळेपासून पाच किलोमीटर चढावर. ती दारातच उभी राहिली, आत येईना. मागे तिची मुलगी रुचिता, दप्तर छातीशी धरून.

"गुरुजी, तुमी शिकलेलं माणूस. येवढंच सांगा, आमी दाखला मागितला कदी?"

"कोणी अर्ज केला असेल. रुचिताच्या वडलांनी?"

"त्यांनी? त्ये शाळेच्या फाटकात पाय ठेवाया लाजतात. अर्ज करतील?" गुणाबाईनं मुलीला पुढे ढकललं. "सांग गो, काय लिवलंय त्यात."

रुचितानं रजिस्टर उलटं वाचलं होतं, टेबलाच्या अलीकडून. ती खाली बघत म्हणाली, "कारण, कुटुंब वीटभट्टीवर स्थलांतरित. नऊ जणांपुढं हेच लिवलंय."

"आमी भट्टीवर?" गुणाबाईचा आवाज चढला. "आमची खाचरं हायेत. जूनमदी आमी पेरा करत होतो. इचारा कुनाला बी." मग आवाज एकदम उतरला. "फारम शुक्रवारपात्तूर हायेत. पोर शाळेत हाय तवर तिचा काका गप हाय. दाखला हातात पडला का त्यानं स्थळ बघूनच ठेवलंय, वैशाखऱ्याच्या बाजूला. मंग ही दहावी नाय का काय नाय."

आयुष्यभर गुरुजींना उत्तर सापडायचं ते माणूस निघून गेल्यावर.

"मी बघतो," ते म्हणाले. आपण नक्की काय बघणार आहोत, हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

२

मुख्याध्यापक जयराम पष्टे यांच्या खोलीत गेल्या दहा वर्षांच्या निकालांचा फलक होता. शेवटचा आकडा होता सत्तावन्न टक्के. त्याखालची जागा कोरी होती, आणि पष्टे सरांची पाठ नेमकी त्या जागेकडे होती.

"गुरुजी, बसा. चहा सांगू?"

"नको. त्या नऊ दाखल्यांचं विचारायला आलो."

सरांनी चष्मा काढून पुसला. "पालक आले असतील, ऑफिसात कारकून कमळूनं दाखले केले असतील. माझ्यापुढे गठ्ठा येतो, मी सह्या करतो. एकेक कागद वाचत बसलो तर शाळा कधी चालवू? आणि मुलांचं काय अडलंय? सतरा नंबरचा फॉर्म आहे. शाळेबाहेरून बसायचं, परीक्षा तीच, पेपर तेच."

"निकाल मात्र शाळेचा धरत नाहीत."

सरांनी फलकाकडे न बघता अंगठ्यानं मागे खूण केली. "तालुक्याच्या मीटिंगमध्ये साठच्या खालच्यांना उभं केलं होतं. नावं पुकारून. माझी दोन वर्षं राहिलीत, गुरुजी, आणि मला तिशीतल्या अधिकारी पोरानं उभं केलं. इकडे धसईच्या इंग्लिश शाळेची व्हॅन आपल्या फाटकासमोरून पोरं उचलून नेते. पट चारशेचा दोनशे दहा झाला. निकाल आणखी पडला तर ही शाळा राहील का?"

"पण अर्ज तरी असतील ना पालकांचे?"

"फाईल सापडत नाही म्हणतो कमळू." सरांनी खण उघडून एक जाड कागद बाहेर काढला. "हे बघा, तुमचं काम मात्र मी जपून ठेवलंय. तालुक्यात दाखवलं मी. असा तक्ता कोणी केला नव्हता."

गुरुजींनी आपलं अक्षर ओळखलं. मे महिन्यात सरांनीच त्यांना विचारलं होतं, की दहावीत जाणाऱ्या एकतीस मुलांपैकी जादा शिकवणी कोणाला द्यावी, हे शोधता येईल का. गुरुजी हरखले होते. कोणी काम सांगत नाही अशा वयात कोणीतरी गणित सांगितलं होतं. त्यांनी प्रत्येक मुलाची माहिती गोळा केली आणि त्याला 'अडचण-गुण' दिले. नववीत चाळीसपेक्षा कमी टक्के, तर तीन. हजेरी साठ टक्क्यांच्या खाली, तर तीन. घर चार किलोमीटरपेक्षा लांब, तर दोन. घरात कोणीच दहावी झालेलं नाही, तर दोन. बेरीज सात किंवा अधिक आली, की त्या मुलाकडे खास लक्ष.

पुढे गुरुजींनी आपल्याच ओटीवर पंधरा दिवस शिकवणी घेतली. मुलं आली चार. बाकीची आली नाहीत, याचं त्यांना मनातून वाईट वाटलं होतं.

तक्त्याबद्दल आणखी एक बारीकशी गोष्ट होती, ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. शनिवारी कमळूकडे टाइप करायला दिलेल्या पहिल्या प्रतीत पट्टी सरकून दोन ओळींची हजेरी एकमेकींत गेली होती. रविवारी चूक लक्षात आली. सोमवारी त्यांनी नवी प्रत हातानं लिहून थेट सरांना दिली आणि पहिलीचा विषयच काढला नाही. गणिताच्या मास्तरानं साधं उतरवून घेताना चुकावं, याची त्यांना लाज वाटली होती.

"जपून ठेवा," असं पुटपुटत ते उठले.

३

मंगळवारी गुरुजी ग्रंथालयात दाखल्यांच्या नोंदींची नक्कल घेऊन बसले. कमळूनं ती न बोलता दिली होती. नऊ वेळा एकच ओळ: कुटुंब वीटभट्टीवर स्थलांतरित, पंधरा जून.

चौथ्यांदा वाचल्यावर त्यांना ते दिसलं.

भट्ट्या लागतात दिवाळीनंतर. माणसं तेव्हा बिऱ्हाड पाठीवर घेऊन जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. पंधरा जूनला भट्टीवर चिखल असतो, माणूस नसतो. शहापूर-मुरबाडकडचं शेंबडं पोरही जूनमध्ये भट्टीवर जाणारं कुटुंब लिहिणार नाही. लिहील ते बाहेरचं.

शाळेत बाहेरचं कोण होतं? पष्टे सर इथलेच. कमळू मेंगाळ माचीवाडीच्या शेजारच्या पाड्यावरचा. दहावीच्या वर्गशिक्षिका माधुरी मॅडम मात्र आसनगावहून स्कूटीनं येत, सुट्टीत मुलींशी लोकलच्या पासाबद्दल बोलत. शिवाय वर्गाचा निकाल हा वर्गशिक्षिकेचाही निकाल असतो.

गुरुजी स्वतःवर खूश झाले. असं फार क्वचित व्हायचं. त्याच भरात त्यांनी मधल्या सुट्टीत मॅडमना व्हरांड्यात गाठलं आणि इतकी वर्षं कोणाला मोठ्यानं न बोललेला माणूस थेट बोलून गेला, "मॅडम, वीटभट्टीचं कारण तुम्ही सुचवलंत का?"

मॅडमनी डबा मिटला.

"सर, तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

"नाही, म्हणजे जूनमध्ये भट्टी नसते, हे इथल्या माणसाला…"

"माझ्या वडलांची वाशिंदला स्वतःची भट्टी होती," मॅडम म्हणाल्या. आवाज शांत होता, त्यामुळे जास्त लागला. "मेअखेरी ढग आले की आम्ही बहिणी शाळेतून येऊन कच्च्या विटांवर ताडपत्री ओढायचो. भट्टी कधी लागते नि कधी विझते, हे तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत असेल. आसनगाव काही अमेरिकेत नाही."

"माफ करा. माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं, पण आता नीट बघा. मला सरांनी सांगितलं होतं, नऊ मुलांचं आधार ऑनलाइन जुळत नाहीये, म्हणून नावं दिसत नाहीत, होईल, तुम्ही हजेरी घेत राहा. मी घेत राहिले." त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. "मी काल रात्रभर एकच गोष्ट घोळवतेय. कच्ची मुलं काढली म्हणावं, तर चौतीस टक्क्यांचा प्रथमेश यादीत तसाच आहे. वाडीची मुलं काढली म्हणावं, तर माचीवाडीतली अपेक्षा आणि भाविक राहिलेत आणि इथल्या बाजारगल्लीतला एक गेलाय. आणि हे बघा. रुचिताला नववीत अठ्ठावन्न टक्के, अपेक्षाला बावन्न. एकच वाडी, एकच वाट, दोघी बरोबर येतात. अठ्ठावन्नवाली गेली, बावन्नवाली राहिली. कशावर निवडलंय हे?"

गुरुजी परत निघाले आणि कपाटाशी पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की मॅडमच्या बोलण्यानं एक गोष्ट आणखीच अवघड झाली आहे. मॅडमना भट्टी माहीत. सरांना माहीत, कमळूला माहीत.

म्हणजे ही चूक करू शकेल असं या शाळेत कोणीच नव्हतं.

४

बुधवारी सकाळी गुरुजींनी पोहे पुढ्यात तसेच ठेवून मॅडमचा कागद उघडला. नववीचे टक्के, हजेरी, पत्ता, घरच्यांचं शिक्षण, सगळं त्यात होतं. काढलेल्या नऊ नावांवर त्यांनी टिंबं दिली आणि शिक्षक शोधतो तसा नियम शोधू लागले.

टक्क्यांवर लावून बघितलं, जमेना. हजेरीवर जमेना. अंतरावरही जमेना. एकेका गोष्टीनं काहीच जमत नव्हतं, तेव्हा सवयीनं त्यांनी बेरीज करून बघितली. तीन, तीन, दोन, दोन.

पहिला टिंबवाला, दहा. दुसरी, सात. तिसरा, दहा. चौथा, सात.

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी बाकीचे भराभर केले, दार लागायच्या आत आत शिरावं तसे. टिंब असलेल्या आठ जणांची बेरीज सात किंवा वर. टिंब नसलेल्यांची, रितेश नावाचा एक सोडला तर, खाली. चौतीस टक्क्यांच्या प्रथमेशचं घर शाळेला लागून, वडील पदवीधर, हजेरी पूर्ण. त्याची बेरीज तीन.

मुलं कोणी निवडली, हा प्रश्न उरला नव्हता. ती गोटीराम विशे यांनी निवडली होती.

पत्नी राहीबाई आतून म्हणाल्या, "पोहे गार झाले." गुरुजींनी मान हलवली आणि बशी बाजूला सारली.

नववी राहिली होती, रुचिता. अठ्ठावन्न टक्के म्हणून शून्य. चौऱ्याण्णव टक्के हजेरी म्हणून शून्य. लांबचं घर, दोन. घरात कोणी दहावी नाही, दोन. एकूण चार, अपेक्षाइतकेच. हिचं नाव सात नि वरच्यांत येतच नव्हतं. फक्त एका कागदावर येत होतं.

गुरुजी उठले. जुन्या वहीत कच्चं टिपण होतं, ते उघडलं. तेविसावी ओळ रुचिता, हजेरी चौऱ्याण्णव. चोविसावी ओळ रितेश, बापाच्या टेम्पोबरोबर धसईच्या बाजारात भाजी उतरवणारा, हजेरी एक्केचाळीस. पट्टी सरकली होती ती याच दोन ओळींत. पहिल्या प्रतीत रितेशची एक्केचाळीस टक्के हजेरी रुचिताच्या नावापुढे गेली होती. अधिक तीन. सात.

सरांच्या खणातला जाड कागद दुरुस्त केलेला होता. त्यावरून कोणी नावं काढली असती तर रुचिता गेली नसती. नावं काढणाऱ्यानं चुकलेली प्रत वापरली होती, आणि ती प्रत शनिवारी दुपारी गुरुजींनी एकाच माणसाच्या हातात दिली होती.

५

कमळू मेंगाळ कॉम्प्युटरसमोर बसला होता. गुरुजींचाच विद्यार्थी. त्याच्या पाड्यावरचा पहिला दहावी आणि पहिला सरकारी नोकर. गुरुजींना बघून तो उभा राहिला आणि कोणी काही बोलायच्या आत त्यानं दार लोटलं.

"तू टाइप केलेली यादी वापरलीस," गुरुजी म्हणाले.

"व्हय."

"आणि भट्टीचं तूच लिहिलंस. तुझा बाप भट्टीवर जायचा, कमळू. जूनमध्ये भट्टी नसते, हे तू नऊ वेळा विसरशील?"

"नाय विसरलो." कमळू टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. "सायेब म्हणाले, पंधरा जून टाक, वर्ष सुरू व्हायच्या टायमाला शाळा सोडली असं दिसलं पायजे. कारण काय टाकू, इचारलं. म्हणाले, टाक काहीतरी. तारीख त्यांची, गुरुजी. कारण माजं."

"मुद्दाम?"

"दुसरं काय करू? बोलायची छाती नाय माजी. घरात नऊ तोंडं माज्या पगारावर. म्हटलं, असं खोटं लिवावं का इथल्या कोनी बी वाचलं तरी त्याला खोटं दिसंल. सायबांनी वाचलं नाय, सह्या मारल्या. मी वाट बघत व्हतो, कोन वाचतोय."

"मी वाचलं." गुरुजी बाकावर टेकले. "आणि मॅडमवर आळ घेतला."

कमळूला हसू आलं नाही. "मला वाटलं, तुमी येनारच नाय."

"का?"

"यादी तुमची." तो पहिल्यांदाच गुरुजींच्या डोळ्यांत बघून बोलला. "सायेब म्हणाले, गुरुजींनी मोजून काढलीत, सात नि सातच्या वरची सगळी कमी कर. मला वाटलं, तुमाला ठावं हाय. तुमीच ठरवलंय. नायतर मी पयल्या दिवशी तुमच्याकडंच आलो असतो."

शाळेत अन्याय झाला तर कोणाकडे जावं, असा या मुलाला प्रश्न पडला, तेव्हा त्याच्या मनात पहिलं नाव गुरुजींचं आलं होतं. आणि त्या नावाला त्यानं स्वतःच फुली मारली होती, कारण कागदावर अक्षर गुरुजींचं होतं.

"रुचिताचं चूक होतं," ते शेवटी म्हणाले. "दोन ओळी उलट्या झाल्या होत्या. मला कळलं होतं. तुला सांगायची लाज वाटली."

"येवढ्याची?" कमळूनं विचारलं.

६

गुरुवारी पष्टे सरांच्या खोलीत गुरुजींनी सगळं एका दमात सांगितलं, मध्ये थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही या भीतीनं. तक्ता, पहिली प्रत, भट्टी, तारीख, 'सात नि सातच्या वरची सगळी'. कमळू दाराशी उभा होता.

सरांनी काहीच नाकारलं नाही. नाकारतील असं गुरुजींना वाटलं होतं आणि त्यासाठी त्यांनी चार वाक्यं तयारही ठेवली होती. ती तशीच राहिली.

"म्हणजे रुचिता चुकून गेली," सर म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. हुशार मुलगी आहे, मलाही खटकलं होतं. आत्ता तिचा दाखला रद्द करतो, उद्या फॉर्म भरू दे."

गुरुजींच्या छातीवरचं ओझं उतरलं. गुणाबाईला दिलेला शब्द पुरा झाला होता.

सरांनी खणातून जाड कागद काढला, दुरुस्त केलेला. बोट खाली खाली नेत त्यांनी विचारलं, "मग तुमच्या बरोबर तक्त्याप्रमाणे तिच्या जागी कोण येतं? नऊच्या नऊ लागतील मला."

सरांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"चोविसावा. रितेश. आठ." सरांनी मान वर केली. "हे बरोबर आहे ना? की यातही काही चूक आहे?"

प्रश्न साधा होता, कुत्सित नव्हता, आणि म्हणूनच गुरुजींना तो सुरीसारखा गेला. दोन दिवस ते तक्त्यातली चूक शोधून तिच्या जोरावर लढत होते. पण चूक नसती तर? मग उरलेल्या आठ जणांना घालवणं बरोबर ठरत होतं, आणि रितेशलाही.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "तक्ताच चुकीचा आहे, सर. मला तो दुरुस्त करायचा नाही. मागे घ्यायचाय."

"तक्ता चांगला आहे हो. तुम्ही म्हटलंत तशीच ही मुलं अडणार आहेत. फेब्रुवारीत बघा."

"असेल. ती अडतील तिथे त्यांना हात द्यायचा, म्हणून मी मोजलं होतं. अडणाऱ्यांना आधीच बाहेर ठेवायचं, असं कुठे लिहिलं होतं त्यात?"

"नव्हतं लिहिलं," सर म्हणाले. "पण काय करायचं, तेही नव्हतं लिहिलं. नुसती नावं होती." त्यांनी चष्मा काढला. उघडे डोळे एकाएकी म्हातारे दिसले. "नऊच्या नऊ घेतो मी. निकाल पन्नासवर येतो. पुढच्या वर्षी व्हॅन दोन फेऱ्या मारते. शाळा बंद पडली तर त्या माचीवाडीची पोरं कुठे जातील, सांगा मला."

गुरुजींनी विचार केला. खरंच केला. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "हे दाखले खोटे आहेत, एवढंच माहीत आहे."

त्यांनी खिशातून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. मुरबाडच्या शिक्षण विभागाला लिहिलेलं, घडल्या प्रकाराची सगळी हकीकत. खाली तीन नावांसाठी जागा होती. पहिली सही गुरुजींची. दुसरी, थोडी वाकडी, कमळूची. तिसरी जागा सरांसाठी मोकळी होती.

"नऊ दाखले आज रद्द झाले तर हे पत्र मी स्वतः फाडतो. नाही झाले, तर उद्या पहिल्या एसटीनं मुरबाडला जातो. काहीही झालं तरी दोषात माझं नाव पहिलंच राहील."

कमळू दाराशी होता तो आत आला. "सायेब, माजी नोकरी जाईल, ठावं हाय मला," तो म्हणाला, एवढंच.

सरांनी पत्र वाचलं. गठ्ठ्यानं सह्या करणारा हा माणूस ते पत्र दोनदा वाचत होता. मग त्यांनी हात पुढे केला. "रजिस्टर आण."

नऊ नोंदींवर त्यांनी स्वतः आडव्या रेघा ओढल्या, प्रत्येकीवर 'रद्द' लिहिलं, प्रत्येकीखाली सही केली. शेवटच्या सहीनंतर त्यांनी पेन टोपणात घातलं आणि गुरुजींनी पत्र फाडलं.

७

शुक्रवारी सकाळी नऊ मुलं आणि त्यांची माणसं शाळेच्या व्हरांड्यात जमली. फॉर्म घेऊन माधुरी मॅडम बसल्या होत्या. गुरुजींनी मॅडमना आधी सांगून ठेवलं होतं, की सुरू करण्यापूर्वी मला दोन मिनिटं बोलायचंय. ती दोन मिनिटं कशी काढावी, याचा घोर त्यांना सकाळपासून लागला होता.

त्यांनी सरांकडून परत घेतलेला तक्ता उलगडून सगळ्यांसमोर धरला. ही यादी मी केली, ते म्हणाले. शिकवणीसाठी केली, पण हिच्यावरूनच तुमची मुलं निघाली. कशाचे किती गुण धरले, तेही त्यांनी वाचून दाखवलं. न वाचता पळ काढणं बरं दिसलं नसतं.

कोणी ओरडलं नाही. बाजारगल्लीतल्या मुलाचा बाप तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला आणि दुसरीकडे बघू लागला. गुणाबाई मात्र पुढे आली.

"आमचं घर लांब, म्हणून दोन दिलेत?"

"हो."

"मंग शिकवणी कुटं घेतलीत?"

"माझ्या ओटीवर."

"म्हंजे लांब हाय ह्ये तुमाला म्हाईत. लिवूनच ठिवलं तुमी. आनि पोरीनं उनाचं पाच किलोमीटर उतरून तुमच्या ओटीवर यायचं?" तिच्या बोलण्यात राग कमी आणि आश्चर्य जास्त होतं. "लिवलेलं वाचलं नाय व्हय तुमी तुमचंच?"

मागे कोणीतरी बाई फसकन हसली. गुरुजींनाही हसू आलं असतं, दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर. "नाही वाचलं," ते म्हणाले. "चुकलं, गुणाबाई."

"चुकलं खरं," ती म्हणाली. मग पोरीला म्हणाली, "जा गो, भर फारम. टाइम नको घालवू."

फॉर्म भरायला तासभर लागला. रुचितानं सावकाश, गिचमिड न करता भरला. गुरुजी खांबाशी उभे होते, जावं की थांबावं न कळून. फॉर्म झाल्यावर ती त्यांच्याकडे आली. तक्ता अजून त्यांच्या हातातच होता.

"गुरुजी, हजेरी बरोबर धरली तर माजे किती?"

"चार."

"अपेक्षाचे?"

"चार."

"भाविकचे पन चारच असतील." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "आमच्या वाडीत चाराच्या खाली कोनीच नाय का?"

गुरुजींनी तक्त्याकडे बघितलं. बघायची गरज नव्हती, त्यांना तो पाठ होता. माचीवाडीतल्या मुलानं कितीही अभ्यास करावा, एक दिवस न चुकता शाळेत यावं, पायऱ्या चढायच्या आधीच त्याच्या नावावर चार अडचणी मांडलेल्या होत्या. आणि त्या मांडताना गुरुजींचा हात कुठे थांबला नव्हता, अक्षर कुठे बिघडलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "कोणीच नाही."

रुचितानं मान डोलवली, गणित सुटल्यावर डोलवावी तशी. भरलेला फॉर्म तिनं त्यांच्यापुढे धरला.

"ह्यो बरोबर भरलाय का, बघता का जरा?"

गुरुजींनी कागद घ्यायला हात पुढे केला, आणि मग मागे घेतला.

"मॅडमना दाखव, बाळ," ते म्हणाले.